थांबलेली गाडी, न थांबलेली गाडी

स्पेनला जाऊन आलं की इथे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "टोमॅटो खेळलीस का?"

नाही खेळले. मी मार्चमध्ये गेले होते. माद्रिदमधल्या क्लायंटच्या ऑफिसात तीन आठवडे काम, आणि त्याला जोडून स्वतःची आठ दिवसांची रजा. टोमॅटोंची मारामारी, म्हणजे ला तोमातिना, ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असते. बुन्योल नावाच्या एकाच गावात होते आणि तासाभरात आटोपते. वर्षातले उरलेले दिवस त्या देशात टोमॅटो खातात. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग दुसरा प्रश्न: "बैलांसमोर धावलीस?" तेही जुलैत असतं.

हे दोन्ही प्रश्न कुठून येतात ते सगळ्यांना माहीत आहे. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' जुलै २०११ मध्ये आला तेव्हा मी शाळेत होते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत होस्टेलवर तो किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. माझ्या पिढीच्या मध्यमवर्गीय भारतीयांसाठी स्पेन हा देश झोया अख्तरने तयार केला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. स्पेनच्या पर्यटन खात्याने या सिनेमाला साथ दिली होती आणि त्यांना त्याचा मोबदलाही मिळाला.

परत येताना विमानात तो पुन्हा पाहिला. त्याच महिन्यात माद्रिदमध्ये एक जुना स्पॅनिश सिनेमा पाहिला होता, त्यामुळे या वेळी तो वेगळा दिसला. हा लेख त्या दोन सिनेमांबद्दल आहे. थोडा आमच्या घराबद्दलही आहे, आणि तो भाग मला टाळता आलेला नाही.

आधी 'जिंदगी'बद्दल. माझ्या धंद्यातल्या माणसाला पहिल्यांदा दिसतो तो कॅलेंडरमधला बग. तीन मित्र एकाच सहलीत आधी तोमातिना खेळतात आणि शेवटी पाम्प्लोनाला बैलांपुढे धावतात. पण पाम्प्लोनाचा सान फेर्मिनचा उत्सव ६ ते १४ जुलैला असतो, तोमातिना ऑगस्टच्या अखेरीस. म्हणजे मधे दहा महिन्यांहून जास्त काळ गेला असला पाहिजे. सिनेमातली तोमातिनाही चित्रीकरणासाठी वेगळी घडवलेली होती, टनावारी टोमॅटो पोर्तुगालहून आणून. यात चूक काढण्यासारखं काही नाही. सिनेमा असाच बनतो. पण या बगमागे एक समजूत आहे. ती अशी की स्पेनमध्ये उत्सव कायम चालूच असतात, तुमची गाडी पोचण्याचाच काय तो अवकाश. जिथे जाल तिथे लोक नाचत, खेळत, धावत असणार, आणि तुम्हाला आत ओढून घेणार.

त्या देशातल्या माणसांना या सिनेमात स्वतःची म्हणून अडचण नाही. नुरिया हसते, टोमॅटो खेळते, इम्रानच्या प्रेमात पडते. ती उद्या सकाळी कुठे कामाला जाणार आहे ते आपल्याला कळत नाही. सिनेमा प्रदर्शित होण्याच्या बरोबर दोन महिने आधी, १५ मे २०११ ला, स्पेनच्या शहराशहरांतून बेकारीविरुद्ध मोर्चे निघाले आणि माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात तरुणांनी तळ ठोकला. त्या वर्षी देशात काम मागणाऱ्या दर पाच माणसांमागे एकाहून जास्त बेकार होता. चित्रीकरण त्याआधीचं, त्यामुळे हा चौक सिनेमात यायला हवा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्याची पुसट सावलीसुद्धा नाही, हे नोंदवायला हरकत नाही.

आणि तरीही हा वाईट सिनेमा नाही, कारण आपण स्पेनबद्दल आहोत असा त्याचा दावाच नाही. तो भीतीबद्दल आहे. अर्जुन समुद्राच्या तळाशी जाऊन वर येतो आणि रडतो, ते दृश्य मला आजही तेवढंच खरं वाटतं. त्याहून खरा आहे तो इम्रानच्या बापाचा प्रसंग. नसीरुद्दीन शाहचा चित्रकार मुलासमोर बसून माफीबिफी न मागता सांगतो की मला बाप व्हायचंच नव्हतं. अख्ख्या सिनेमात स्पेनमध्ये राहणारं, तिथे काम करणारं आणि त्याची किंमत दुसऱ्यांना मोजायला लावणारं माणूस ते एकच. आणि ते भारतीय आहे. त्या घरात उत्सव नाही. तेवढा वेळ स्पेन हा देखावा नसून पत्ता असतो.

आता दुसरा सिनेमा. माद्रिदच्या ऑफिसातली एक सहकारी, माझ्याच वयाची, रोज अडीचला जेवायला बाहेर न्यायची. पहिल्याच दिवशी मी "तुम्ही लोक किती निवांत जेवता" अशा अर्थाचं काहीतरी बोलले आणि सिएस्ताचा विनोद केला. ती हसली, पण कंटाळून. मग तिने नॅपकिनवर नकाशा काढला. माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे आणि घड्याळ मात्र बर्लिनचं लावतं. १९४० साली फ्रँकोच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे केली, ती मागे आलीच नाहीत. उन्हाळी वेळ लागली की सूर्य डोक्यावर यायला सव्वादोन वाजतात. तेव्हा अडीचचं जेवण म्हणजे आपलं साडेबाराचं जेवण. उशिरा जेवण्याचं हे एकमेव कारण नसेलही, पण ज्याला मी 'स्पॅनिश स्वभाव' म्हणत होते त्यातला एक तास निव्वळ सरकारी हुकूम होता. माझं निम्मं काम टाइमझोनचे घोळ निस्तरण्यात जातं, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती स्वतः दुपारी शेवटची झोपली ती बालवाडीत. संध्याकाळी सातनंतर ऑफिसातून सुटायची आणि तासभर मेट्रोत बसून घरी जायची.

त्याच जेवणात तिने सिनेमाचं नाव लिहून दिलं: 'ब्येन्व्हेनिदो, मिस्टर मार्शल!' दिग्दर्शक लुइस गार्सिया बेर्लांगा, साल १९५३. पर्यटकांनी विमानातून उतरण्याआधी हा बघायला हवा, असं तिचं म्हणणं होतं. मी तो भाड्याच्या खोलीत लॅपटॉपवर, इंग्रजी सबटायटल्स लावून पाहिला.

गोष्ट साधी आहे. व्हियार देल रिओ हे कास्तिल प्रांतातलं एक कोरडं, गरीब खेडं. अमेरिकेची मार्शल योजना युरोपला पैसे वाटते आहे, आणि तिचं शिष्टमंडळ या रस्त्याने जाणार असल्याची बातमी येते. (प्रत्यक्षात स्पेनला त्या योजनेतून वगळलं होतं. पाहणाऱ्या प्रत्येकाला हे तेव्हा ठाऊक होतं.) स्वागत कसं करायचं? गावात एका गायिकेचा मॅनेजर आलेला असतो, अमेरिकेत राहून आलेला. त्याचा सल्ला असा: अमेरिकन माणसाला स्पेन म्हणजे आंदालुसिया एवढंच कळतं. तेव्हा आपण आंदालुसिया व्हायचं. मग कास्तिलच्या त्या धुळकट गावावर पांढऱ्या भिंतींचे खोटे दर्शनी भाग उभे राहतात. शेतकरी रुंद काठाच्या टोप्या घालतात, बायका झालरीचे झगे. स्वागतगीताची तालीम होते. प्रत्येक जण रांगेत उभा राहून अमेरिकनांकडे मागायची एकेक वस्तू नोंदवतो.

आदल्या रात्री लोकांना स्वप्नं पडतात आणि इथे बेर्लांगाची कमाल आहे. कानाने अधू असलेला म्हातारा मेयर, म्हणजे होसे इसबेर्त, स्वप्नात वेस्टर्नमधला शेरीफ होतो. खानदानी गर्वाचा म्हातारा पूर्वजांसारखा नव्या जगाच्या किनाऱ्यावर उतरतो आणि थेट तिथल्या लोकांच्या हंड्यात जातो. गरीब शेतकऱ्याला विमानातून पॅराशूटने ट्रॅक्टर उतरताना दिसतो. म्हणजे ज्यांच्यासाठी हे लोक खोटे आंदालुसियन झालेत, त्या अमेरिकेची त्यांना असलेली ओळखही सिनेमातलीच. दोन्ही बाजूंनी पोस्टकार्डंच. पर्यटकाला हसणारे पुष्कळ असतात. यजमानाच्या डोक्यातलं पोस्टकार्डही दाखवायला धैर्य लागतं.

सकाळी अमेरिकन येतात. बँड वाजतो. गाड्या धूळ उडवत, वेग कमी न करता निघून जातात. एकही थांबत नाही.

मग मागे उरतो खर्च. तो भागवायला लोक पुन्हा रांगेत उभे राहतात, या वेळी द्यायला: कुणी बटाटे, तो खानदानी म्हातारा तलवार. कान महोत्सवात या सिनेमाला बक्षीस मिळालं. तिथे परीक्षक असलेल्या एडवर्ड जी. रॉबिन्सन या अमेरिकन नटाने मात्र शेवटच्या एका दृश्यावर आक्षेप घेतला, ज्यात पावसाच्या पाण्यात अमेरिकेचा छोटा झेंडा वाहत जातो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पडद्याबाहेरची आहे. निर्मात्यांनी बेर्लांगाला हा सिनेमा दिला तो लोलिता सेव्हिया या नव्या गायिकेला पुढे आणण्यासाठी, आंदालुसियन गाणी असलीच पाहिजेत या अटीवर. म्हणजे त्याला सांगण्यात आलं होतं झालरीच्या झग्यांचा सिनेमा करायला. त्याने केला, फक्त ते झगे लोक का घालतात हे त्यात दाखवलं.

त्या गावकऱ्यांच्या तालमीवर मी मोठ्याने हसत होते. मग हसू थांबलं, कारण मला आजोबा आठवले.

आमचं घर दापोली तालुक्यात समुद्राकाठी आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी बाबांनी मागच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. पुण्या-मुंबईचे लोक येतात. त्यांना उकडीचे मोदक हवे असतात, मे महिन्यातसुद्धा. आमच्याकडे मोदक गणपतीत व्हायचे, फार तर एखाद्या संकष्टीला. आता आई सीझनमध्ये एक दिवसाआड करते. अंगण सारवलेलं हवं असतं, म्हणून बाबांनी लादी घातली नाही. आणि पाहुण्यांना अंतू बर्वा हवा असतो.

ते तसं तोंडाने म्हणत नाहीत. पण आजोबा ओटीवर बसलेले दिसले की चेहरे उजळतात. कोकणातला म्हातारा म्हणजे इरसाल, तिरकस, एका वाक्यात उडवणारा. आमचे आजोबा तसे कधीच नव्हते. ते शाळामास्तर होते, गणित शिकवायचे, मोजकं आणि सरळ बोलायचे. पहिली दोनतीन वर्षं पाहुण्यांची थोडी निराशा झाली. मग आजोबा शिकले. "काय आजोबा, कसं काय?" याला ते "आहोंत अजून" असं हेल काढून म्हणायला लागले. विजेवर, एस.टी.वर, पुढाऱ्यांवर पाचसहा वाक्यं बसवली. लोक हसतात, फोन काढतात. रात्री पाहुणे झोपले की आजोबा रेडिओ लावतात आणि पहिल्यासारखे गप्प होतात.

पुलंना यात दोष नाही. अंतूच्या विनोदाखाली जे एकटेपण आहे ते त्यांनी नीट पाहिलं आणि लिहिलं. वॉशिंग्टन आयर्व्हिंगही ग्रॅनडाच्या अल्हांब्रात राहिला, तिथल्या लोकांत मिसळला आणि १८३२ साली त्याने प्रेमानेच पुस्तक लिहिलं. मेरिमेची कारमेनही हेतुपुरस्सर लावलेला पर्यटनाचा बोर्ड नव्हती. बाहेरून आलेला चांगला लेखक एक माणूस बघतो. त्याच्यामागून येणाऱ्या हजारोंना तेच माणूस, तशाच स्थितीत, हवं असतं. पुस्तकातलं एकटेपण घेऊन कुणी येत नाही, विनोद घेऊन येतात. सेव्हिलची ती तंबाखूची फॅक्टरी, जिथे कारमेन कामाला होती, तिथे आज विद्यापीठ आहे. मी गेले तेव्हा आत पोरं परीक्षेचा अभ्यास करत बसली होती आणि बाहेर आम्ही फोटो काढत होतो.

सेव्हिलहून मी आलाहारला गेले. 'सेन्योरिता' गाणं तिथे चित्रित झालंय. उएल्वा प्रांतात, आरासेनाच्या डोंगरातलं हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव, पांढरी घरं, वर एक मोठा कडा. या कड्याला आरियास मोंतानोचं नाव आहे. हा सोळाव्या शतकातला विद्वान. अँटवर्पला अनेक भाषांतलं बायबल संपादित केलं, राजाचं एस्कोरियालचं ग्रंथालय लावून दिलं आणि एकांतासाठी इथे येऊन राहायचा. चारी बाजूंना बलुताची झाडं आणि त्यांची फळं खाणारी काळी डुकरं. या भागाचं नाव स्पेनभर आहे ते हॅममुळे. हे सगळं मला तिथे गेल्यावर कळलं. मी गेले होते चौक बघायला.

चौकात कुणी नाचत नव्हतं. दोन म्हातारे बाकावर बसले होते. कोपऱ्यावरच्या बारमध्ये जाऊन कॉफी मागितली. काउंटरमागच्या, साठीच्या आसपासच्या बाईने विचारलं, कुठून? मी म्हटलं, इंडिया. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं, टाळी वाजवली, हात वर नेऊन मनगट वळवलं, एक गिरकी घेतली आणि फडकं पुन्हा उचललं. चारपाच सेकंदांत सगळं झालं. मी टाळ्या वाजवल्या. ती हसली, तितकंच, आणि कॉफीकडे वळली.

त्या मापाने हसणं मी ओळखते.

आता कबुली द्यायची तर त्या क्षणी मला आनंद झाला होता. फोन बाहेर असता तर मी तिला पुन्हा करायला सांगितलं असतं. 'जिंदगी'त गाडी थांबते. बेर्लांगाच्या सिनेमात थांबत नाही, हा मला दोन्हींतला मोठा फरक वाटत होता. 'सेन्योरिता' मला आवडतं ते त्यासाठीच. गाण्याचा स्पॅनिश भाग मारिया देल मार फेर्नांदेसने गायलाय, गावातली माणसं गावातल्यासारखी दिसतात, आणि तिघं नायक त्यांच्यापेक्षा वाईट नाचतात याची सिनेमाला लाज वाटत नाही. तिघं पाहुणे म्हणून आत शिरतात. पण थांबलेल्या गाडीचं पुढे काय होतं हे त्या गाण्यात दिसत नाही. कारण गाणं संपतं, गाडी जाते आणि मग दुसरी येते, मग तिसरी. २०२४ मध्ये स्पेनमध्ये परदेशातून ९ कोटी ३८ लाख लोक आले. देशाची लोकसंख्या ४ कोटी ९० लाखांच्या आसपास. बेर्लांगाच्या गावाला जे मिळालं नाही ते सगळ्या स्पेनला दुप्पट मिळालं.

त्याचं बिल कोण भरतं ते बार्सिलोनात दिसतं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या मोर्च्यात लोकांनी उपाहारगृहात बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. भारतात ती बातमी विनोदी म्हणून फिरली. त्यांचं म्हणणं घरभाड्याबद्दल होतं. पर्यटकांना दिलेल्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, असं महापौरांनी त्याच्या दोनेक आठवडे आधी जाहीर केलेलं होतं. मीही तसल्याच एका फ्लॅटमध्ये तीन रात्री राहिले. लिफ्टमध्ये भेटलेल्या आजीने माझ्या बॅगेच्या चाकांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

पण खोटं आणि खरं इतकं सहज वेगळं करता येतं असंही नाही. बार्सिलोनाच्या गॉथिक मोहल्ल्यात ज्या दगडी पुलाखाली सगळे मान वर करून उभे राहतात तो १९२८ सालचा आहे. मध्ययुगीन दिसावा म्हणून तसा बांधला. आज शंभर वर्षं होत आली, तर तो जुना म्हणायचा की नाही? आणि माद्रिदमध्ये मी रोज जेवत होते ते 'मेनू देल दिया', ठरलेल्या दरातलं पहिलं-दुसरं-गोड असं ताट, जे प्लंबरपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे खातात, ते मला सगळ्यात अस्सल वाटलं होतं. तर ते साठच्या दशकात फ्रागा या मंत्र्याच्या खात्याने पर्यटकांसाठी सक्तीचं केलेल्या 'पर्यटक मेनू'तून आलेलं निघालं. त्याच खात्याने 'स्पेन इज डिफरंट' ही घोषणा जगभर लावली, आणि सेन्सॉरशिपही तेच खातं बघायचं. पर्यटक त्या मेनूकडे फारसे वळले नाहीत. स्थानिक कामगारांनी तो आपला केला.

हे सहकारीला सांगितलं तर तिला ते माहीत होतं. "मग तुझं काय म्हणणं आहे, आम्ही जेवणं सोडायचं?" असं तिने विचारलं.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा आजोबांना 'मिस्टर मार्शल' दाखवला. पाहुणे किल्ला बघायला गेले होते. मी सबटायटल्स वाचून मराठीत सांगत होते, ते चष्मा पुसून पुसून बघत होते. तालमीच्या प्रसंगाला हसले नाहीत. मेयर बाल्कनीत येऊन लोकांना काहीतरी समजावायचंय एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहतो, तिथे मात्र खूप हसले. असे एक हेडमास्तर होते म्हणाले. गाड्या न थांबता गेल्या तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

सिनेमा संपल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली. "त्या टोप्या भाड्याच्या होत्या की विकत घेतलेल्या?"

मला सांगता येईना. मागे नेऊन तो भाग पुन्हा लावला. दोघांनी मिळून पाहिला.